डिस्चार्ज कार्डावरील वैद्यकीय शब्द आणि आजाराची वाटचाल : कोणता शब्द कशाविषयी बोलतो?

प्रश्न : इंदिरानगरवासी (नाशिक)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ६८ आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. गेल्या महिन्यात जुलाब आणि उलट्या होऊन त्यांना नाशिकमधील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. सलाईन आणि अन्य उपचारांनंतर त्या घरी आल्या असून प्रकृती आता स्थिर आहे. पुढील फेरतपासणी मूत्रपिंडतज्ज्ञांकडे ठरलेली आहे, त्यामुळे मी येथे उपचार विचारत नाही. मला कार्डावरचे शब्द समजून घ्यायचे आहेत.

कार्डावर निदानाच्या रकान्यात असे लिहिले आहे : 'अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी, सेकंडरी टू अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएंटरायटिस, ऑन क्रॉनिक किडनी डिसीज स्टेज ३बी, इटिऑलॉजी : डायबेटिक, इसेन्शियल हायपरटेन्शन, प्रोग्नोसिस : गार्डेड.' क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ; येथे त्याचे रक्तातील प्रमाण, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) सहा महिन्यांपूर्वी १.५ होते, दाखल करताना ३.४ झाले आणि घरी सोडताना १.७ होते.

हे कार्ड नातेवाइकांच्या हाती गेल्यापासून घरात प्रत्येकजण वेगळा अर्थ लावत आहे. एका नातेवाइकांनी 'दोन्ही किडन्या निकामी झाल्या' असे सांगितले; दुसऱ्यांच्या मते 'क्रॉनिक' म्हणजे आजाराचा शेवटचा टप्पा. सासूबाई स्वतः विचारतात, 'मला नक्की झालंय तरी काय?' आणि त्यांना खरे आणि समजेल असे उत्तर द्यावे, एवढीच माझी इच्छा आहे. इंटरनेटवर एकेका शब्दाचा अर्थ सापडतो, परंतु ते सगळे शब्द एकत्र वाचले की त्यातून आजाराचे चित्र उभे राहत नाही. हे शब्द कोणत्या क्रमाने वाचावेत, हे कोणी जाणकारांनी सांगितले तर मी आभारी राहीन.

उत्तर १ : विकृतिशास्त्र_अध्यापक

नमस्कार ताई. मी वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवतो, म्हणजे रोग शरीरात कसा उत्पन्न होतो आणि पेशींमध्ये व अवयवांमध्ये काय बदल घडवतो, हा माझा विषय आहे. आपल्या प्रश्नात आपण 'क्रम' हा शब्द वापरला, त्यातच निम्मे उत्तर आहे. रोग ही काळाच्या ओघात घडत जाणारी प्रक्रिया आहे आणि प्रत्येक वैद्यकीय शब्द त्या प्रक्रियेतील एका ठरावीक ठिकाणाविषयी बोलतो. काही शब्द कारणाविषयी असतात, काही त्या कारणाने शरीरात काय घडले त्याविषयी, काही बाहेर काय दिसले त्याविषयी, तर काही पुढे काय होईल त्याविषयी. शब्द वाचताना 'हा कशाविषयी बोलतो आहे?' असे आधी विचारले, तर गोंधळ बराच कमी होतो.

आपल्या कार्डावर कालक्रमाने सर्वांत जुनी गोष्ट 'इटिऑलॉजी : डायबेटिक' ही आहे. इटिऑलॉजी म्हणजे रोगाचे मूळ कारण. कारण कळले तरी रोग कसा घडला ते कळत नाही, आणि ही 'कसा' ची साखळी म्हणजे पॅथोजेनेसिस, मराठीत रोगजनन. मधुमेहात ही साखळी अशी चालते : मूत्रपिंडात प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या गाळण्यांतील केशवाहिन्यांच्या आतला दाब वाढतो, त्यांचे पातळ अस्तर जाड होत जाते आणि केशवाहिन्यांच्या मधल्या जागेत अनावश्यक पदार्थ साठतो. जी प्रथिने रक्तातच राहायला हवीत, ती लघवीतून झिरपू लागतात. पुढे काही गाळण्या व्रणासारख्या घट्ट ऊतीने भरून कायमच्या बंद होतात आणि उरलेल्या गाळण्यांवर कामाचा भार वाढतो, त्यामुळे त्याही लवकर झिजतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे या आजारातील गाठीसारखे बदल किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये वर्णिले आणि आजही विद्यार्थ्यांना ते त्यांच्याच नावाने शिकवले जातात.

या साखळीतील सर्वांत महत्त्वाची बाब अशी की ती अनेक वर्षे मूक असते. मूत्रपिंडाची राखीव क्षमता इतकी मोठी आहे की गाळण्याची शक्ती जवळजवळ निम्मी होईपर्यंत क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढलेले दिसत नाही आणि रुग्णाला तर त्यानंतरही बराच काळ काहीच जाणवत नाही. 'काही त्रास नव्हता, मग आजार आला कुठून?' हा प्रश्न मी रुग्णांच्या घरच्यांकडून नेहमी ऐकतो. आजार तेव्हाही होता, परंतु त्याने लक्षणांचा टप्पा गाठलेला नव्हता.

आता 'अ‍ॅक्यूट' आणि 'क्रॉनिक'. या दोन शब्दांबद्दल समाजात जेवढा गैरसमज आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांबद्दल असेल. हे दोन्ही शब्द काळाविषयी आहेत, तीव्रतेविषयी नाहीत. अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक, अल्पावधीत उद्भवलेला. साधी सर्दीसुद्धा अ‍ॅक्यूटच असते. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला. मूत्रपिंडाच्या बाबतीत ही मर्यादा ठरलेली आहे : बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तर त्याला क्रॉनिक म्हणतात. याउलट ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले किंवा सात दिवसांत आधीच्या पातळीच्या दीडपट झाले, तर ती अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी. 'क्रॉनिक म्हणजे शेवटचा टप्पा' हे त्यामुळे चुकीचे आहे. टप्पा सांगण्यासाठी 'स्टेज' हा वेगळा शब्द कार्डावर आहे. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या अंदाजित वेगावरून पाच टप्पे करतात; ३बी म्हणजे तो वेग मिनिटाला ३० ते ४४ मिलिलिटरच्या दरम्यान, आणि पाचवा टप्पा १५ च्या खाली सुरू होतो. ६८ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.५ असेल, तर हा वेग अंदाजे ३८ येतो. म्हणजे कार्यक्षमता लक्षणीय घटली आहे, हे खरे. परंतु 'निकामी' हा शब्द येथे लागू होत नाही. येथे एक खबरदारी घ्यावी. क्रिएटिनिनवरून हा वेग काढण्याचे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असतानाच लागू पडते. दाखल झाल्या दिवशीच्या ३.४ वरून कोणी टप्पा काढून सांगितला असेल, तर तो धरू नये.

आता 'सेकंडरी टू' आणि 'ऑन' हे छोटे शब्द पाहू. खरे तर कार्डाचा सगळा अर्थ त्यांनीच जोडला आहे. 'सेकंडरी टू' म्हणजे 'च्यामुळे उद्भवलेला'. जुलाब-उलट्यांमधून पाणी आणि क्षार गेले, शरीरात फिरणाऱ्या रक्ताचे प्रमाण कमी झाले, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटला आणि गाळण्याचे काम मंदावले. 'ऑन' म्हणजे आधीपासून असलेल्या जुन्या आजारावर ही नवी इजा येऊन पडली. म्हणून १.५ वरून ३.४ झाले आणि द्रव भरून निघाल्यावर १.७ पर्यंत खाली आले.

एकाच अवयवातील एक बिघाड भरून येतो आणि दुसरा येत नाही, असे का, हेही सासूबाईंना सांगण्यासारखे आहे. १८५८ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडले की रोगाचे स्थान पेशीत शोधले पाहिजे. आपल्या प्रश्नाचे उत्तरही पेशीतच आहे. रक्तप्रवाह घटल्याने पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, याला इस्किमिया म्हणतात. तो अल्पकाळ राहिला तर पेशी सुजतात, परंतु सावरतात. ही प्रतिवर्ती इजा होय. तो लांबला तर पेशी मरतात, त्याला नेक्रोसिस म्हणतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये पुन्हा निर्माण होण्याची क्षमता असते, त्यामुळे त्या मेल्या तरी काही आठवड्यांत नवे अस्तर तयार होऊ शकते. गाळण्यांच्या बाबतीत तसे होत नाही. तेथे हरवलेल्या रचनेची जागा तंतुमय ऊती घेते, याला फायब्रोसिस म्हणतात, आणि अशी बंद पडलेली गाळणी पुन्हा सुरू होत नाही. सासूबाईंना गेल्या महिन्यात झालेली इजा बव्हंशी पहिल्या प्रकारची दिसते आणि मधुमेहाने आधी केलेली हानी दुसऱ्या प्रकारची आहे. उपचारांचा उद्देशही त्यानुसार बदलतो : पहिलीत भरून काढणे, दुसरीत पुढची झीज मंदावणे.

उत्तर २ : निवृत्त_परिचारिका_पंचवटी

सरांनी आजाराची आतली बाजू सांगितली आहे. मी रुग्णाच्या खाटेजवळ जे पाहिले, त्या बाजूने थोडे सांगते.

घरच्यांनी 'लक्षण' आणि 'चिन्ह' यांतला भेद जरूर समजून घ्यावा, कारण फेरतपासणीच्या वेळी डॉक्टर दोन्हींविषयी विचारतात. रुग्णाला जाणवते आणि तो सांगतो ते लक्षण : मळमळ, थकवा, भूक मंदावणे. दुसऱ्याला पाहता, मोजता किंवा तपासता येते ते चिन्ह : ताप, रक्तदाब, पायांवरची सूज. नडगीच्या हाडावर अंगठ्याने थोडा वेळ दाब दिला आणि बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर ते शरीरात पाणी साठल्याचे चिन्ह असते, मग रुग्ण काही तक्रार करो वा न करो. तिसरा प्रकार तपासणीत आढळणाऱ्या गोष्टींचा, जसे क्रिएटिनिन. मूत्रपिंडाच्या आजारात हा तिसरा प्रकार बहुधा सर्वांत आधी दिसतो, म्हणून 'सासूबाईंना बरे वाटते आहे' यावर समाधान मानून तपासणी पुढे ढकलू नये.

वॉर्डात आम्ही दर तासाची लघवी का मोजत होतो, असेही अनेकजण विचारतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी व्हावी, असा आमचा साधा हिशेब असतो. सलग सहा तास त्याहून कमी झाली, तर क्रिएटिनिन वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे असते. दिवसभरात ४०० मिलिलिटरहून कमी लघवी झाली तर तिला ऑलिग्युरिया म्हणतात. हा शब्द आपल्या फाइलमधील इनटेक-आउटपुट तक्त्यावर असण्याची शक्यता आहे.

शब्दांच्या शेपट्या ओळखता आल्या की वाचणे सोपे जाते. 'आयटिस' म्हणजे दाह, म्हणून गॅस्ट्रोएंटरायटिस म्हणजे जठर आणि आतड्यांचा दाह. शेवटी 'एमिया' आला की गोष्ट रक्तातील आणि 'युरिया' आला की लघवीतील, म्हणून हायपरकॅलेमिया म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढणे आणि अल्ब्युमिनुरिया म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणे. 'पॅथी' म्हणजे विकार. नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाचा विकार झाला. मात्र रक्ताच्या रिपोर्टमध्ये जो 'युरिया' असतो, तो एक वेगळा टाकाऊ पदार्थ आहे. त्याचा या शेपटीशी संबंध जोडू नये.

उत्तर ३ : निफाडचा_बागायतदार

मी डॉक्टर नाही, द्राक्षबाग करतो. परंतु सरांनी 'मूक टप्पा' म्हटले, ते वाचून आमच्याकडचा डाऊनीचा रोग डोळ्यांसमोर आला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस किंवा दव राहिले की बुरशी पानात शिरते. पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत मधले काही दिवस बाग वरून निरोगीच दिसते. शेतीशास्त्रात आम्हांला शिकवतात की रोग येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : रोगकारक जंतू, बळी पडणारे पीक आणि पोषक हवामान. माणसाच्या आजारातही असेच असते का? ताईंच्या घरी सगळ्यांनी तेच अन्न खाल्ले असेल आणि तेच पाणी प्यायले असेल, तर दाखल फक्त सासूबाईंनाच का करावे लागले?

उत्तर ४ : विकृतिशास्त्र_अध्यापक

बागायतदार दादा, आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. माणसाच्या संसर्गजन्य आजारांतही जंतू, यजमान शरीर (म्हणजे जंतू ज्यात शिरतो ते शरीर) आणि परिस्थिती हाच त्रिकोण मानतात. जंतू शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. पावसाळ्यात नाशिकमध्ये आपण डेंग्यूविषयी ऐकतो. त्यात डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारात जंतू नसल्यामुळे हा शब्द वापरत नाहीत, तेथे मूक अवस्था असेच म्हणतात.

सासूबाईंनाच का, याचे उत्तर यजमान शरीरात आहे. घरातील तरुण व्यक्तीलाही तेवढेच जुलाब झाले असतील, परंतु तिच्या मूत्रपिंडाची राखीव क्षमता शाबूत असल्यामुळे रक्तप्रवाह तात्पुरता घटला तरी क्रिएटिनिन फारसे हलले नसेल. वय, मधुमेह आणि जुना मूत्रपिंडविकार यांना येथे रिस्क फॅक्टर म्हणतात, म्हणजे जोखीम घटक. जोखीम घटक आजाराची शक्यता वाढवतो; तो असला म्हणजे आजार होणारच, असे नसते आणि नसला म्हणजे होणारच नाही, असेही नसते. सासूबाईंच्या बाबतीत मधुमेह दोन भूमिकांत आहे, हे लक्षात घ्यावे. जुन्या मूत्रपिंडविकाराचे तो कारण आहे आणि या नव्या इजेचा तो जोखीम घटक आहे.

काही औषधेही या वेळी भर घालू शकतात. अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह आणखी कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या एरवी मूत्रपिंडाचे रक्षण करतात, परंतु शरीरात पाणी कमी झालेले असताना त्यांचाच परिणाम उलट होऊ शकतो. त्या मनाने बंद करू नयेत. मात्र पुन्हा जुलाब-उलट्या झाल्या तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या, हे तज्ज्ञांकडून आजच लिहून घ्यावे.

उत्तर ५ : वैद्य_गंगापूररोड

आयुर्वेदाचा अभ्यासक म्हणून थोडी भर घालतो. आयुर्वेदात रोग जाणण्यासाठी निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असे निदानपंचक सांगितले आहे. त्यात 'निदान' म्हणजे रोगाचे कारण, तर आजच्या मराठीत डॉक्टर 'निदान' म्हणतात तेव्हा त्यांना रोगाची ओळख अभिप्रेत असते. दोन्ही प्रकारचे कागद फाइलमध्ये असणाऱ्या कुटुंबांचा येथे हमखास घोटाळा होतो. रोग कसा घडत गेला त्या क्रमाला संप्राप्ती म्हणतात आणि संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद या सहा अवस्थांपैकी रोग उघडपणे ओळखू येतो तो पाचव्या अवस्थेत. दोन्ही शास्त्रांच्या संकल्पना एकमेकींच्या जागी ठेवू नयेत, असे माझे मत आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाने कोणतेही भस्म किंवा काढा आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, हेही मी माझ्याकडे येणाऱ्यांना आवर्जून सांगतो.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना आणि यजमानांना हे सर्व वाचून दाखवले. 'जुन्या झिजेवर नवी इजा झाली होती, ती बरीचशी भरून आली, झीज मात्र जपायची आहे' असे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'मग हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर इतके दिवस मी घाबरून राहिले नसते.'

दोन शब्द अद्याप राहिले आहेत : 'इसेन्शियल' आणि 'गार्डेड'. शिवाय जुनी फाइल उघडली, तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या लघवीच्या साध्या तपासणीत 'अल्ब्युमिन : ट्रेस' (म्हणजे अत्यल्प) असे लिहिलेले सापडले. तेव्हा त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ती आजाराची सुरुवात होती का?

विकृतिशास्त्र_अध्यापक

ताई, 'इसेन्शियल हायपरटेन्शन' म्हणजे ज्या उच्च रक्तदाबामागे एकच एक ठरावीक कारण दाखवता येत नाही, असा रक्तदाब. त्यालाच प्रायमरी असेही म्हणतात आणि बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब याच प्रकारचा असतो. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन अशा अनेक गोष्टी मिळून तो घडवतात. मूत्रपिंड किंवा एखाद्या ग्रंथीच्या विकारामुळे रक्तदाब वाढला असेल, तर त्याला सेकंडरी म्हणतात. सासूबाईंच्या बाबतीत मूत्रपिंडविकार रक्तदाब वाढवतो आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड झिजवतो, असे दुहेरी नातेही आता तयार झालेले असू शकते, म्हणून रक्तदाबाचे नियंत्रण साखरेइतकेच काटेकोर हवे.

'प्रोग्नोसिस' म्हणजे आजाराच्या पुढील वाटचालीचा अंदाज, आणि 'गार्डेड' म्हणजे हा अंदाज आज खात्रीने सांगता येत नाही. हा शब्द घरी सोडण्याच्या दिवशी, क्रिएटिनिन अजून पूर्ववत झालेले नसताना लिहिला गेला आहे. पुढील काही आठवड्यांतील तपासण्यांनंतर डॉक्टर तो बदलू शकतात, त्यामुळे फेरतपासणीत तो थेट विचारावा. सोबत सर्व जुनी क्रिएटिनिन मूल्ये तारखांसह एका कागदावर लिहून न्यावीत. एका आकड्यावरून आजार किती आहे एवढेच कळते, तर आकड्यांच्या ओळीवरून तो कोणत्या वेगाने चालला आहे, ते कळते.

चार वर्षांपूर्वीच्या 'ट्रेस' विषयी : ती सुरुवात असू शकते, परंतु एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीत लघवी घट्ट असली तरी ट्रेस येऊ शकतो. यासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. ते एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आले आणि तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुन्यांत तसेच राहिले, तरच ते टिकाऊ मानतात. ताप, मूत्रमार्गातील संसर्ग, भारी व्यायाम किंवा खूप वाढलेली साखर यांमुळेही ते तात्पुरते वाढते, म्हणून आजारपणातून नुकत्याच उठलेल्या सासूबाईंची ही तपासणी नेमकी केव्हा करायची, हे तज्ज्ञांना विचारून ठरवावे आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यावा.